उर्फच्या अलीकडचं नाव

आमच्या घरात ‘उर्फ’ हा शब्द फक्त वर्तमानपत्रात भेटायचा, तोही चोरभामट्यांच्या नावांमध्ये. त्यामुळे धारच्या कचेरीतल्या बाबूने आईच्या अर्जावर तो लिहायला सांगितला तेव्हा ती उखडलीच.

“मी काय कुठं दरोडा घातलाय?”

झालं होतं असं. माझा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, धारला एकटा राहायचा. शाळेत मास्तर होता, लग्न केलं नाही. गेल्या वर्षी तो गेला आणि त्याचं दोन खोल्यांचं घर आईला देऊन गेला. मृत्युपत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, साक्षीदारांच्या सह्या, सगळं कसं चोख. फक्त बहिणीचं नाव घातलं होतं माहेरचं. सासरी बदललेलं तिचं नाव या गृहस्थाने जन्मभर मानलंच नव्हतं. इकडे देवासला मात्र आधार कार्डापासून पासबुकापर्यंत आई सगळीकडे सासरच्याच नावाने. घर जिला मिळालं होतं, ती बाई कागदोपत्री कुठे नव्हतीच.

“नाम कब बदला, अम्माजी? कोई कागज?” बाबूने विचारलं. माणूस भला होता. आईला त्याने आपणहून खुर्ची दिली होती.

“शादी में,” आई सोबत आलेल्या बाबांकडे बोट दाखवत म्हणाली. “इन्होंने थाली में चावल फैलाकर अंगूठी से लिखा था.”

बाबूने पेन खाली ठेवलं. “चावल की नकल तो नहीं मिलेगी ना, अम्माजी.”

मग त्याने नीट समजावलं. उर्फ म्हणजे माणूस एकच, ओळखला जातो दोन नावांनी. त्यात कमीपणा काही नाही. तसं शपथपत्र करून आणा, घर तुमच्या नावावर चढेल.

शपथपत्र करणारा वकील मराठीच निघाला, पण घाईत होता. “काकू, आत्ताचं नाव आधी टाकतो, उर्फ लावून जुनं मागे. चालेल ना?”

“नाही चालणार. माहेरचं आधी.”

“अहो, काय फरक पडतो?”

“दादा गेला,” आई म्हणाली. “त्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. कागदावर तरी ते पुढे असू दे.”

मी शेजारीच बसले होते. आईचं ते नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते तिला हवंय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. माझी मलाच लाज वाटली. वकिलाने निमूट मजकूर बदलला.

महिन्याभराने घर आईच्या नावावर झाल्याचा कागद देवासला आला. बाबांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचायला घेतला आणि नावापाशी अडखळले. खरं तर त्यांनी तिला या दोन्हींपैकी एकाही नावाने कधी हाक मारली नव्हती. सगळा संसार “अगं” वरच झाला. त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायचा होता. बाबांनी बाहेरच्या खोलीतून, जरा चाचरतच, आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली.

“आले रे, दादा,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मग भांड्यांचा आवाज थांबला, आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही.