बिला एसरचं पिंपातलं भाषण

"सहा वर्षं झाली, एसरबाई. माणूस विसरतो," पेटंटचे वकील वीलांड म्हणाले.

"कोण माणूस?" बिलाने विचारलं.

"कोणीही. साक्षीदार. विसरला तर त्याला कोणी फासावर देत नाही, एवढंच म्हणतोय मी."

साक्षीदाराला पढवायचं नसतं, हे वीलांडइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी फक्त म्युनिकचं तिकीट तिच्यासमोर सरकवलं आणि खिडकीबाहेर, कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत बसले.

कोलोनच्या पश्चिमेला, जिथे दोरीवरच्या चादरीवर संध्याकाळपर्यंत कोळशाची राखाडी साय धरते, त्या गावात सिबिला एसर हे नाव फक्त पगाराच्या पाकिटावर असायचं. एरवी ती बिला. बाप कार्बाइडच्या भट्टीवर, नवरा युप त्याच भट्टीवर, आणि बिला कापडाच्या प्रयोगशाळेत. तिचं काम जाळण्याचं. आग लागू नये म्हणून रसायन पाजलेल्या कापडाची पट्टी उभी टांगायची, खालून ज्योत लावायची, ज्योत काढून घ्यायची आणि पट्टी विझते की पेटत जाते ते बघायचं. "मी काय करते म्हणून काय विचारता? आग लावते, आणि त्याचा पगार घेते," असं ती पाहुण्यांना सांगायची.

पण गाव तिला ओळखायचं ते पिंपामुळे. कार्निव्हलच्या दिवसांत आमच्याकडे मंचावर पिंप ठेवतात, बोलणारा त्यात उभा राहतो आणि यमक जुळवून गावाची, साहेबांची, बायकोची, देवाची अशी सगळ्यांची उडवतो. पिंपात असेपर्यंत त्याला सगळं माफ. बिला तीस वर्षं त्या पिंपात चढत होती. भाषण संपेपर्यंत बिअरच्या थेंबाला शिवायचं नाही आणि शेवटच्या टेबलावरच्या बहिऱ्या आजोबांनाही शब्द न् शब्द कळला पाहिजे, हे तिचे दोन नेम. भाषण कागदावर कधी नसायचं. स्वयंपाकघरात बटाटे किसताना ते तोंडात तयार व्हायचं आणि तोंडातच राहायचं.

आणि सहा वर्षांपूर्वी तिने भाषण केलं होतं डॉक्टर पाश यांच्यावर.

डॉक्टर गेर्नोट पाश हे प्रयोगशाळेचे प्रमुख. महायुद्धानंतर पूर्वेकडून आईचा हात धरून आलेले, सडसडीत, आणि कार्निव्हल आला की चेहरा असा करायचे जणू गावाला गालफुगी झाली आहे. फॉस्फरसचं मीठ कापडात मुरवायचं, अमोनियाच्या वाफेत ते पक्कं करायचं आणि शेवटी पेरॉक्साइडमध्ये बुडवायचं, म्हणजे ते धुतलं तरी निघत नाही. एवढं सगळ्या जगाला येत होतं. पण असं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ व्हायचं आणि त्याला सडक्या मासळीचा वास यायचा. भट्टीवरच्या माणसांना तसले सदरे घालायला लावले की ते जळण्यापेक्षा नागडं राहणं पसंत करायचे. पाशना अनेक वर्षांनी उमगलं की कापड अमोनियातून आल्यावर वाळवायचंच नाही. ओलं असतानाच आधी फिक्या पेरॉक्साइडमध्ये घालायचं. मग ताका गुंडाळून, झाकून मुरू द्यायचा. आणि नंतर कडक पेरॉक्साइडमध्ये. कापड मऊ, वास गायब. बिलाने त्या पट्टीला ज्योत लावली, काढली, आणि पट्टी जागच्या जागी विझली. तेव्हा पाश म्हणाले होते, "हं." त्यांच्या मानाने ती आरोळीच.

पेटंटचा अर्ज तयार झाला. बायकांच्या गुरुवारी, म्हणजे कार्निव्हलच्या पहिल्या दिवशी, सकाळी पाशनी त्यावर बिलासमोर सही केली. अकरा वाजून गेल्यावर बिलाने रिवाजाप्रमाणे कात्री घेऊन त्यांचा टाय कापला, बदल्यात रिवाजाप्रमाणे त्यांच्या गालावर चुंबन दिलं, आणि संध्याकाळी ती पिंपात चढली. तिला वाटलं, सही झाली म्हणजे अर्ज गेला. कसा जाणार? बायकांच्या गुरुवारी दुपारनंतर आमच्याकडे कोण काम करतं? शुक्रवारी डोकं दुखतं, सोमवारी मिरवणूक, मंगळवारी पुन्हा डोकं. अर्ज टपालाच्या खोक्यात पडून राहिला आणि कार्निव्हल संपल्यावर, राखेच्या बुधवारी, निघाला. बर्लिनमध्ये किंवा हॅम्बुर्गमध्ये हे कधीच घडलं नसतं. तिथले लोक गुरुवारी कामावर असतात.

पेटंटचा कायदा मात्र कार्निव्हल मानत नाही. अर्ज दाखल होण्याआधी गोष्ट चारचौघांत बोलली गेली, की ती नवी राहत नाही. आणि त्या रात्री सभागृहात चारचौघं नव्हे, सगळं गाव होतं. ढोल वाजवणाऱ्याचा मेहुणा ओलिग्ससुद्धा. हा ओलिग्स ऱ्हाइनपलीकडच्या दुसऱ्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होता.

पेटंट मिळालं. पाशच्या नावाचं पहिलं आणि एकुलतं. मग पलीकडच्या कंपनीने म्युनिकच्या पेटंट कचेरीत विरोध दाखल केला: ही प्रक्रिया अर्जाच्या आधीच जाहीर झाली होती, एका पिंपातून.

"म्हण की, आठवत नाही," युप म्हणाला. तो बटाट्याचे वडे खात होता, बिला तळत होती.

"आणि आठवत असेल तर?"

"आठवतंय तर आहेच. मला सत्तर सालातलं तुझं भाषण अजून ऐकवतेस. पण म्युनिकवाल्यांना कुठे ठाऊक? त्या माणसाची आयुष्यभराची कमाई आहे, बिला. एक 'नाही' म्हटल्याने स्वर्गाचं दार बंद होत नाही."

"तुझं तसंच आहे, एक 'नाही' म्हणायचं आणि उठायचं. भांडी कोण घासणार?"

"आठवत नाही," युप म्हणाला.

ती हसली, पण वडा करपला.

म्युनिकच्या गाडीत पाश तिच्यासमोर बसले होते. बाहेर ऱ्हाइन, द्राक्षाचे मळे, पडके किल्ले. मांडीवर डबा, डब्यात चीज लावलेला पाव, आणि तो त्यांनी माइन्झपर्यंत उघडला नाही. बिलाला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. शेवटी तिने तोंड उघडलं.

"डॉक्टर, काय सांगू मी उद्या?"

"मला विचारू नका, एसरबाई. मी त्यातला पक्षकार आहे."

"अहो, पण माझ्या तोंडाने तुमचं वाटोळं केलं! शिव्या तरी द्या. सहा वर्षांत एक शिवी नाही. युपसुद्धा म्हणतो, हा माणूस आहे की बर्फाची लादी."

पाशनी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "त्या रात्री मी हसलो होतो," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्ही दिव्यांमुळे पाहिलं नसेल. मी मागे, खांबाजवळ होतो. पस्तीस वर्षं या गावात आहे मी. माझ्यावर कोणाला चार ओळी कराव्याशा वाटतील, असं मला वाटलं नव्हतं. अर्ज खोक्यात पडलाय हे मला ठाऊक होतं, एसरबाई. मी उठून तुम्हाला थांबवायला हवं होतं. पण मी हसत होतो."

बिला खिडकीकडे वळली. माइन्झ गेलं, पुढचं स्टेशनही गेलं.

साक्षीची खोली उजळ होती. टेबलापलीकडे तिघे परीक्षक, मधल्या अध्यक्षबाई, केस घट्ट बांधलेल्या. डावीकडे पलीकडच्या कंपनीचे वकील आणि ओलिग्स, उजवीकडे वीलांड आणि पाश. खोटं सांगितलं तर पुढे कोर्टात शपथेवर पुन्हा विचारता येतं, हे अध्यक्षबाईंनी तिला शांतपणे समजावलं.

वीलांड उठले. त्यांनी आपला मुद्दा मांडला तो असा: सभागृहात गोंधळ होता, लोक प्यायलेले होते, बोलणारीही कार्निव्हलच्या धुंदीत होती. अशा बरळण्यातून कोणत्याही जाणकाराला प्रक्रिया कळणं शक्य नाही. मग ते बिलाकडे वळले. "बाई, तुम्ही नेमकं काय बोललात, हे आज सांगणं कठीण आहे ना?"

फक्त मान हलवायची होती. वीलांडनी दार उघडून धरलं होतं, बिलाने आत जायचं, बस्स.

तिने पाशकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मान हलवली असती तर पेटंट वाचलं असतं. आणि त्याबरोबर असंही ठरलं असतं की त्या रात्री एक बाई प्यायली होती, बरळत होती, आणि खांबाजवळचा माणूस कशाला हसला ते त्यालाच ठाऊक.

"बरळत?" बिला म्हणाली. "मी? अहो वकीलसाहेब, तीस वर्षं मी पिंपात उभी आहे. भाषणाआधी पाण्याशिवाय काही घेतलं असेल, तर माझी जीभ झडो. शेवटच्या टेबलावर फोन्स आजोबा बसायचे, दोन्ही कानांनी ठार बहिरे. तेसुद्धा हसायचे."

"बाई, प्रश्न असा आहे..." वीलांडचा आवाज चिरकला.

"साक्षीदाराला बोलू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय."

"मग सांगा."

"बसून नाही जमणार."

अध्यक्षबाईंनी डावीउजवीकडे पाहिलं. "उभ्या राहा."

बिला उभी राहिली. पिंप नव्हतं, म्हणून तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, आणि म्युनिकच्या त्या खोलीत आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल असा सोडला:

"अमोनियाच्या खोलीमधुनी कापड आलं ओलं,
डॉक्टर म्हणती नाक धरूनी, 'मासळं सडलं मेलं!'
वाळवु नका हो, तहानलंय ते, ओलंच घ्या ना आत,
पेरॉक्साइडचा फिका पेला आधी द्या हातात.
पहिला फिका, दुसरा कडक, असाच प्यावा पेला,
आग म्हणाली, 'येते जवळ!' कापड म्हणे, 'कशाला?'"

डावीकडचा परीक्षक फसकन हसला आणि लगेच खोकला. ओलिग्सची मान होकारार्थी हलत होती. त्याच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. त्याला आता काही विचारायची गरज नव्हती. वीलांडनी डोळे मिटले.

उजवीकडचा परीक्षक, वाळका तरुण माणूस, पुढे झुकला. "पहिल्या आणि दुसऱ्या पेल्याच्या मध्ये तुम्ही आणखी काही म्हणालात?"

"नाही."

"कापड गुंडाळून मुरत ठेवायचं, याविषयी?"

"नाही."

"तुम्हाला ते माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. ताका मीच गुंडाळायचे."

"मग वगळलं का?"

बिलाला प्रश्नच कळला नाही. "अहो, कार्निव्हलची रात्र! दोन पेल्यांच्या मध्ये थांबतंय कोण? तिथे मुरत ठेवलं असतं, तर सगळा विनोद मुरला असता."

वीलांडनी डोळे उघडले.

त्यानंतर बिलाला बाहेर बसवलं. आत वीलांड भांडत होते, हे दारातून ऐकू येत होतं. मघाशी ते बरळणं होतं, आता तोच माणूस ओरडून सांगत होता की साक्षीदार अत्यंत स्पष्ट, अत्यंत विश्वासार्ह आहे, आणि तिने मुरवण्याचा शब्दही काढलेला नाही. ओलिग्सला विचारलं, तर त्यालाही मुरवण्याचं आठवेना.

दुपारी उशिरा निकाल सांगितला. ओल्या कापडाला आधी फिकं, मग कडक पेरॉक्साइड, हे नवं नाही. ते पिंपातून जगजाहीर झालं. पेटंट उरलं ते फक्त मध्ये गुंडाळून मुरवण्यापुरतं. मोठा वाडगा गेला, हातात वाटी राहिली. पलीकडची कंपनी उद्यापासून मऊ कापड करू शकत होती, फक्त थोडं कमी मऊ. या कापडासाठी कारखाना नवी शेड बांधणार की नाही, ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

"गप्प बसला असतात तर सगळं राहिलं असतं," वीलांड जाता जाता म्हणाले आणि टॅक्सीत बसले. त्यांनी दोघांना टॅक्सीत घेतलं नाही.

पाश आणि बिला स्टेशनजवळच्या बिअरगृहात बसले. वाढणारीने दोन मग आदळले.

"हे पेले आहेत की बादल्या?" बिला म्हणाली. "यात तर आमचं अख्खं टेबल पितं." पण तिचा आवाज मघासारखा नव्हता. "युप म्हणेल, माझा तोरा नडला. वकील मला बरळणारी म्हणाले नसते, तर कदाचित मी मान हलवली असती, डॉक्टर. खरं सांगते. मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही, मला काय हवं होतं," पाश म्हणाले. त्यांनी फेस फुंकला, एक घोट घेतला, मिशी पुसली. मग बराच वेळ काही हिशेब केल्यासारखं टेबलावर बोट फिरवत राहिले. "एसरबाई, एक गोष्ट आहे. मुरवणं आता कायद्याने सुरक्षित झालंय. आता ते भाषणात घालायला हरकत नाही."

"कुठे घालू? दोन पेल्यांच्या मध्ये? कोणी हसणार नाही."

"मी हसेन."

"एकटाच माणूस हसला, तर आमच्याकडे त्याला भाषण पडलं म्हणतात, डॉक्टर."

"पडू दे," पाश म्हणाले.