बऱ्या दिवसाचा पेशंट

मास्तरांच्या बायकोला सगळे काजवाली वहिनी म्हणत. मास्तर कपडे बेतायचे, शिवायचे, आणि काज-बटणं ती करायची. शिवाय आज मास्तर कसे आहेत, हे गिऱ्हाइकाला दारातच सांगायचं कामही तिच्याच गळ्यात. दिवस बरा असला की मास्तर हसतखेळत एका दमात पाच-पाच शर्ट बेतून टाकत, पुरे होणार नाहीत असे वायदे करत. मग कुठेतरी बिनसायचं. शिवण वाकडी गेली एवढं निमित्त पुरे, की शिवलेला शर्ट टराटरा उसवायचे, घर डोक्यावर घ्यायचे. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवायलाही उठायचे नाहीत. ती बिचारी गिऱ्हाइकांना ताप आलाय म्हणून सांगायची. इतका ताप कुणाला येतो का हो? पण लोकही माना डोलवायचे.

या खेपेला मास्तरांनी कात्री भिरकावली, ती लेकीच्या कानाजवळून गेली. लेक कपडे भरून मावशीकडे निघून गेली. बाबांनी औषध सुरू केल्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही, असं आईला बजावून गेली.

आता गोम अशी, की मास्तर डॉक्टरांकडे यायला तयार व्हायचे ते फक्त बऱ्या दिवशी. वाईट दिवशी त्यांना हलवणार कोण? त्यामुळे डॉक्टरांना दर वेळी दिसायचा तो गप्पिष्ट, गमत्या माणूस. याही वेळी तेच. तुमच्या कोटाचा खांदा उतरलाय, म्हणून मास्तरांनी डॉक्टरांची चेष्टा केली. डॉक्टर खळखळून हसले आणि म्हणाले, काही झालेलं नाही, थोडी विश्रांती घ्या.

वहिनीचा बांधच फुटला. दर वेळी हेच, दर वेळी हेच, म्हणत ती जी ओरडायला लागली ती थांबेचना. टेबलावर हात आपटले, ढसाढसा रडली. बाहेर बसलेले लोक दारातून डोकावले. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, पेन उघडलं आणि मास्तरांना हळूच विचारलं, "यांना असं कधीपासून होतंय?"

वहिनी मटकन खुर्चीत बसली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तोंडावरचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "आजारी मी आहे. पोरगी माझ्यापायी घर सोडून गेली. औषध लिहा."

मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "उद्या मी नको म्हणेन. माझं ऐकू नकोस."

वहिनीनं होकाराची मान डोलावली. उद्याच्या नुसत्या विचारानंच ती दमून गेली होती.