गुळाची ढेप आणि पृथ्वीचं पोट

कोल्हारच्या शाळेत मी अकरा वर्षं भूगोल शिकवत होतो, आणि अकरा वर्षं पृथ्वीच्या पोटात पातळ रस उकळवत होतो. पुस्तक नीट वाचायची गरज मला कधी वाटली नाही. पाठ होतं ना सगळं.

एका हिवाळ्यात मी नववीचा वर्ग जवळच्या गुऱ्हाळावर नेला. काहिलीत उसाचा रस उकळत होता. मी घसा साफ करून सुरू केलं, "खालचा रस तापला की फुगतो, हलका होतो, वर येतो. वर तो निवतो, जड होतो आणि कडेनं खाली जातो. पृथ्वीच्या आतही असंच चालतं."

एका मुलीनं हात वर केला. "सर, पुस्तकात तर लिहिलंय की प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सगळा घन खडकाचा आहे. मग घन खडक वर-खाली कसा होईल?"

"परीक्षेत इतकं खोल विचारत नाहीत," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की मी परीक्षेच्या आड लपायचो.

गूळ करणारे म्हातारे गुळवे हे ऐकत होते. ते आतून मागल्या साली केलेली ढेप घेऊन आले. ती एका बाजूला कलून पसरली होती. त्यांनी हातोडी मारली, तसा टवका उडाला.

"घट्ट हाय का न्हाई?" त्यांनी मला विचारलं.

"आहे."

"मंग उन्हाळ्यात पत्र्याखाली बसली कशी? कुनी हलवली न्हाई. उबेनं हळूहळू सरकली. तुमच्या खडकाला तर लई येळ हाय की, मास्तर."

मुलगी वहीत लिहू लागली. घन खडकही तापला की लाखो वर्षांत असाच सरकतो, हे मला चौथी शिकलेल्या माणसाकडून कळलं.

सोमवारी मी वर्गात चूक कबूल केली. मुलीनं शांतपणे विचारलं, "मग आधीच्या दहा वर्गांना कोण सांगणार, सर?"

त्यांतला एक विद्यार्थी आता राजूरकडे भूगोल शिकवतो. त्याला फोन करून म्हणालो, "प्रावरण पातळ नसतं रे, तुझ्या वहीतलं ते पान फाडून टाक."

"कसं फाडू, सर?" तो म्हणाला. "तुमच्या हातची आकृती आहे. लॅमिनेट करून वर्गात लावलीय."