का चालला, ते कळलं नाय

रोह्याहून सुमनवहिनींच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होतो. "अरविंद गेला," एवढंच तो म्हणाला. मी ब्रश धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला. आदल्याच रविवारी मी त्याला भेटून आलो होतो. इस्पितळातून घरी आला होता, आमटीभात मागून जेवला होता. डॉक्टरही म्हणाले होते, सुधारतोय. मग हे झालं कसं... काही आठवडे उलटले, तरी मला उलगडा होत नाही.

सुमनवहिनींचा नवरा अरविंद माझा शाळासोबती. पुढे धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला, रोह्यात घर केलं. यंत्रांवरचे मीटर सांभाळणं हे त्याचं काम. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी आपला जुना घरगुती कॉम्प्युटर त्याला देऊन टाकला. जाड कीबोर्डसारखा दिसणारा, टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. तो बिघडलेलाच होता. सुरू केला की अक्षरं नीट उमटत, पण जरा तापला की पडद्यावर नुसता चिन्हांचा चिवडा होई. कंपनीत भाजल्यापासून अरविंदचा उजवा हात थरथरायचा, म्हणून त्याने मला बोलावलं. म्हणाला, "तुझा हात हलत नाय. सोल्डरिंग तू कर, कुठं करायचं ते मी सांगतो."

मग रविवारी सकाळी मी एसटीने रोह्याला जाऊ लागलो. आम्ही चिप काढून त्यांचे पाय खोडरबराने घासले, परत बसवल्या. एकेकीला स्पिरिटचा बोळा लावून गार करून पाहिलं, लाकडी पेन्सिलीने बोर्ड दाबून पाहिला. कधी चिवडा थांबे, कधी वाढे. कशाचा कशाशी मेळ लागत नव्हता. एका रविवारी काहीच सापडलं नाही म्हणून नुसता जोडून ठेवला, तर तो दुपारभर बिनघोर चालला. वहिनींनी त्यावर स्वतःचं नाव टाइप केलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. मी खुशीत पेणला परतलो.

पुढच्या वेळी गेलो, तर कॉम्प्युटर पुन्हा उघडलेला.

"अरे, चालत होता ना?"

"व्हय. पण का चालला, ते कळलं नाय."

"चालतोय तर चालू दे की."

त्याने पेन्सिलीच्या टोकाने बोर्ड दाबून पाहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी कंपनीतला धोक्याचा भोंगा पण असाच आपोआप थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, थांबला ना, बरं झालं..."

पुढचं मला ठाऊक होतं. वाफेची नळी फुटली होती. याचा हात भाजला आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा एक डोळा गेला. पण भोंग्याचं त्याने तोवर कधी सांगितलं नव्हतं. मी सोल्डर गन गरम करायला ठेवली.

शेवटी वीज आत येते तिथल्या एका जोडाला, भिंगाखाली धरल्यावर, केसासारखी चीर दिसली. मी तो जोड नव्याने भरला. त्यानंतर कॉम्प्युटर कधी बिघडला नाही. "हाच दोष होता ना?" मी विचारलं. "असंल," तो म्हणाला, "पण मग त्या रविवारी कसा चालला..." हे त्याला वर्षानुवर्षं छळत राहिलं. मधेच, दुसरंच काही बोलत असताना, तो थांबायचा आणि मला कळायचं की हा परत त्या रविवारात गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी रोह्याला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात मिक्सर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "भावोजी, हा काल बंद पडला होता," त्या म्हणाल्या. "आज बटण दाबलं तर चालू झाला."

"मग वाट ना गो खोबरं," शेजारची काकू म्हणाली. "चालतोय तर बघत काय बसलीस?"

वहिनींनी प्लग काढला, मिक्सर फरशीवर उलटा केला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.