फलाटबाईंचा दुसरा आवाज

आमच्या इमारतीत चार महिने एकच बातमी चवीने चघळली जात होती. दुसऱ्या मजल्यावरच्या फलाटबाईंनी म्हणे आपल्या आंधळ्या बापाशी अबोला धरलाय. एका घरात राहतात, बापाच्या हातात चहाचा कप देतात, पण तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. कारणही तयार होतं. "तीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याने तिचं लग्न मोडलं होतं ना! आता उट्टं काढतेय," असं तळमजल्यावरची शिवणकामवाली सुईत दोरा ओवता ओवता सांगायची, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला आपलं थोडं तिखटमीठ लावून ते वरच्या मजल्यावर पोचवायचा.

सगळं खोटं. लग्न फलाटबाईंनी स्वतःच मोडलं होतं, नवरा मुलगा जेवताना मचमच आवाज करतो म्हणून. आणि अबोला धरायचा तर आधी गळ्यात आवाज असावा लागतो. त्यांचा आवाज डॉक्टरांनी काढून टाकला होता, गाठीसकट.

फलाटबाई म्हणजे बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाई. बावीस वर्षं काचेच्या खोलीत बसून त्या सांगायच्या, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कुठली आज येणारच नाही. आवाज असा, की ऐकणाऱ्याला उशिराच्या गाडीचेही आभार मानावेसे वाटायचे. ड्रायव्हर म्हणायचे, "बाई, तुम्ही 'गाडी रद्द' म्हणालात की लोक 'बरं' म्हणून घरी जातात. आम्ही म्हटलं की दगड उचलतात."

घरी त्या आणि त्यांचे वडील अण्णा, दोघंच. अण्णा घड्याळजी. पन्नास वर्षं भिंग डोळ्याला लावून बसले, मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तरी शेजारच्या खोलीतलं घड्याळ नुसतं ऐकून सांगायचे, "लंगडतंय. सरळ टांगा." संध्याकाळी मुलगी कामावरून आली की तिने स्थानकावरचा अख्खा दिवस त्यांना ऐकवायचा, हा नेम. तेवढे दोन तास त्यांना दिसायचं म्हणा ना.

मग घसा बसला. औषधं झाली, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या भावाने, दादाने, लगेच फर्मान काढलं: "अण्णांना सांगायचं नाही. त्यांना झेपणार नाही. बाहेरगावी प्रशिक्षणाला गेली म्हणू."

"आणि त्यांनी फोन लावा म्हटलं तर?" आईने विचारलं.

सगळे पोपटाकडे बघायला लागले.

पोपट म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं सोळा. शाळेच्या मुख्याध्यापकांपासून प्रेशर कुकरपर्यंत कुणाचीही नक्कल करणारी. म्हणजे मीच. पण गोष्ट फलाटबाईंची, म्हणजे माझ्या आत्याची आहे, म्हणून यापुढे मी मला पोपटच म्हणणार.

आत्याने इस्पितळातल्या खाटेवर पाटी मागून घेतली आणि लिहिलं, "चालेल." भीती तिलाही होतीच. अण्णांच्या अंधारात आपण एकदम नाहीसं व्हावं, हे तिला सोसवत नव्हतं. निदान आवाज तरी त्यांच्याजवळ राहील.

महिन्याने ती घरी आली. गळ्याच्या खळगीत श्वासासाठी केलेलं छिद्र, त्यावर बांधलेला मऊ रुमाल. दारात पाऊल टाकलं, तर आतून अण्णा, "कोण आहे?" आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागून दादा बोलून गेला, "नवी बाई ठेवलीय, अण्णा. मुकी आहे."

निघून गेलं तोंडातून. मग ते मागे घेणं कुणालाच जमेना.

तीन महिने आत्या आपल्याच घरात कामवाली झाली. पावलं ओळखू येऊ नयेत म्हणून अनवाणी चालायची. अण्णा विचारायचे, "या बाईला दमा आहे का रे? सारखी सूं सूं करते." सहा वाजले की पोपट गच्चीवर जाऊन फोन लावायची, आणि अण्णा रिसीव्हर कानाला घट्ट दाबून मुलीशी बोलायचे. "बरीये गं ही बाई. चहा तर तुझ्यापेक्षा चांगला करते. पण माणूस म्हणशील तर दगड." दगड समोरच बशी धरून उभा असायचा. आत्याला हसू यायचं, पण त्याला आवाज नव्हता. रडण्यालाही नव्हता.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ढेकर देता येतो ना? मग बोलताही येईल. हवा गिळायची, आणि ती वर यायला लागली की तिचा शब्द करायचा." आत्या एकोणपन्नास वर्षं तोंडावर रुमाल धरून ढेकर दाबत आली होती. आता दिवसाला दोनशे द्यायचे. पोट फुगायचं, छातीत कळा यायच्या, आणि निघायचं काय, तर बुजलेल्या मोरीतून पाणी उतरावं तसा घुर्र आवाज. दोनदा तिने शिकवणी सोडली. तिसऱ्यांदा स्वतःच जाऊन बसली. कामावर तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकलं होतं. तिथे ती छत्र्यांसमोर सराव करायची. छत्र्यांची काही तक्रार नव्हती.

पहिला अख्खा शब्द फुटला तो "पोपट". प ओठांवर आणि ट टाळूवर हवा अडवतो, म्हणून ते लवकर येतात म्हणे. मग "टोपी", "ताट", "काका". "अण्णा" मात्र येईना. त्यात हवेला टेकायला जागाच नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "असे शब्द सगळ्यात शेवटी येतात. घाई नको." आत्याने पाटीवर लिहिलं, "मला तोच हवाय."

आणि एका संध्याकाळी अण्णा फोनवर म्हणाले, "तू ये बाई लवकर. तू आलीस की हिला काढून टाकू. घरात कुणाची तरी सावली फिरल्यासारखं वाटतं."

आत्याने बशी खाली ठेवली. दादाला बोलावून पाटी दाखवली: "उद्या सांगणार."

"वेड लागलंय का तुला? तो आवाज ऐकून घाबरतील ते! पोपट, तूच सांग हिला, कसा येतो आवाज."

"हापसा हापसल्यासारखा," पोपट म्हणाली. नको तेव्हा खरं बोलायची खोडच तिला.

दुसऱ्या दिवशी आत्या अण्णांच्या खुर्चीसमोर बसली, दादा आणि पोपट दाराशी. हवा गिळली. एकदा फुकट गेली. पुन्हा गिळली. "अण्... णा. मी."

अण्णा ताडकन उठले. "कोण पुरुष शिरलाय घरात?"

मग दादाने सगळं सांगितलं. गाठ, इस्पितळ, प्रशिक्षण, मुकी बाई, गच्चीवरचा फोन. अण्णा हळूच खाली बसले. बराच वेळ खुर्चीचा हात चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझी मुलगी गेली. आणि ते मला आज सांगताय होय?"

"अहो अण्णा, ही काय समोर बसलीय!"

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "पोपट, इकडे ये. बोल जरा तिच्यासारखं."

पोपटाने आत्याकडे पाहिलं. आत्याने जमिनीकडे. आणि पोपट बोलली. नक्कल आहे हे पुरतं ठाऊक असूनही अण्णा ऐकत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू देत. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

त्यानंतर रोज सहा वाजता पोपटाला बोलावणं यायला लागलं. आत्याने चहा पुढे केला की अण्णा मुकाट्याने घ्यायचे. म्हणजे अबोला होता खरा, पण तो बापाचा.

आठवड्याने आत्याने पोपटाला जिन्यात गाठलं. पाटी पुढे केली: "तो आवाज बंद कर."

"मग आजोबा बोलतील कुणाशी?"

"माझ्याशी."

"नाही बोलणार गं आत्या. राग मानू नकोस, पण नाही बोलणार. लाव पैज."

आत्याने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं. "महिन्याच्या आत अण्णा तुला गप्प करतील आणि मला बोलायला सांगतील. मी हरले तर त्यांच्यासमोर जन्मभर तोंड उघडणार नाही. तू हरलीस तर तो आवाज कायमचा बंद. घरात, शाळेत, कुठेच नाही."

पोपट हसली. इतकी सोपी पैज तिच्या वाट्याला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कामावरून आली की अण्णांसमोर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागली. दोन अक्षरं, घोट, दोन अक्षरं, घोट. अण्णांनी रेडिओ लावला. तिने वाचणं सोडलं नाही. त्यांनी रेडिओ वाढवला. तीन ओळींत तिचा घाम निघायचा, पोट दगडासारखं व्हायचं. अकराव्या दिवशी तिने वर्तमानपत्र फेकून दिलं, पाटी घेतली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पुरे झालं." पाटी दाखवायला समोर डोळे नव्हते. मग वाकून तिने वर्तमानपत्र उचललं, चुरगळलेलं पान मांडीवर सरळ केलं आणि जिथे थांबली होती तिथून पुढे वाचायला लागली.

एकोणिसाव्या दिवशी रेडिओवर गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या मधल्या क्षणात अण्णा म्हणाले, "लंगडतंय."

आत्या थांबली.

"वाक्य लंगडतंय. 'नगर' म्हणून दम घेतेस, मग 'पालिका'. ठोका चुकतो. आधी पुरती हवा भर. मग अख्खा शब्द सोड. पुन्हा."

ते मुलीशी बोलत नव्हते. बिघडलेलं घड्याळ समोर आलं आणि हात शिवशिवले, इतकंच. पण रेडिओ त्यांनी स्वतः बंद केला, आणि गुडघ्यावर बोटाने ठोका धरला. "पुन्हा. घाई नको. पुन्हा. कुणी शिकवलं गं तुला हे? अर्धवट शिकवलंय."

"न... गर... पालिका."

"हं. पुढे."

असं तास तास चालायला लागलं. गोड शब्द एक नाही. चुकलं की "च्च", जमलं की "पुढे". तिला त्यांनी एकदाही हाक मारली नाही. दोन-तीनदा तर ती वाचत असताना त्यांनी मधेच ठोका सोडून दाराकडे कान लावला, जणू कुणी यायचं राहिलंय. आत्याला ते कळायचं. ती घोट घ्यायची आणि पुढची ओळ धरायची.

सत्ताविसाव्या दिवशी सहाला पोपट खाली आली. बोलावणं दोन दिवस आलं नव्हतं, म्हणून आपणहूनच. पैज निसटताना दिसत होती. तिने लबाडी केली. दारातूनच, त्या जुन्या आवाजात, अगदी मध घालून म्हणाली, "अण्णा, चहा घेताय ना?"

अण्णांचं बोट गुडघ्यावर थांबलं. चेहरा क्षणभर असा झाला, की पोपटाला स्वतःचीच शरम वाटली. मग ते म्हणाले, "पोपट, मधे बोलू नकोस. ती वाचतेय." आणि आत्याकडे वळून, "हं. पुढे."

पैज मी हरले.

त्या दिवशी आत्या मला गच्चीवर घेऊन गेली. दार लोटून घेतलं. हवा गिळली आणि म्हणाली, "एकदा. मला... ऐकव." एकोणपन्नास वर्षं ती तो आवाज आतून ऐकत आली होती. मला काही सुचेना, म्हणून तिच्या हातातल्या वर्तमानपत्रातलं हवामान वाचायला घेतलं. उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील, वाऱ्याचा वेग मध्यम. ती कठड्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. तापमानापर्यंत आले, तेव्हा तिने तळहात माझ्या तोंडावर ठेवला. जोर न लावता.

हात बाजूला झाल्यावर उरलेली ओळ मी माझ्याच आवाजात वाचली.