पत्र्याच्या शेडमधला पौष

"भिवंडीत थंडी ती कसली?" डॉक्टर हसत म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. माझ्या शेजारी दादा स्टुलावर बसला होता. डोक्यावर कानटोपी, अंगात दोन स्वेटर, त्यावर माझी शाल, आणि तरी हात काखेत घातलेले. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. धडधाकट माणसाला इथली थंडी म्हणजे सकाळी दोन तास अंगात काहीतरी घालायचं निमित्त. दादाचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं त्याने कापड विणायच्या लूम चालवल्या. सुरुवातीला चार, मग सहा, शेवटी आठ लूमवर एकटा. त्याला मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्यावर तर तो कारखान्यातच राहिल्यासारखा राहायचा, कुणी सुट्टीवर गेला की त्याचीही शिफ्ट करायचा. छाती कधी गेली ते त्याला कळलं नाही. आधी जिना चढताना दम लागायचा, मग सपाटीवर, मग बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाले, सुताच्या धुळीने फुफ्फुसं आतून कडक झालीत, गेलं ते परत येणार नाही. आता धूळ आणि धूर, दोन्हीपासून लांब ठेवा.

मी त्याला माझ्या खोलीवर आणलं. मी विधवा, मुलगी लग्न होऊन गेलेली, खोलीत एकटीच. पण माझी खोली भिवंडीत, दोन कारखान्यांच्या मधल्या गल्लीत. भिंत दिवसरात्र थरथरते आणि सकाळी भांडी धुऊन पालथी घातली की दुपारी त्यांच्यावर पांढरी लव बसलेली असते. मला त्याची सवय झालेली. दादा तिथे पाच दिवस राहिला. पाचव्या दिवशी त्याचे ओठ निळे दिसायला लागले. तो म्हणाला, "मला वाडीवर ने. तिथं हवा हाय."

वाडी म्हणजे भिवंडीजवळ अंजूरला आमच्या बापाच्या जमिनीतला उरलेला तुकडा. घर आणि रस्त्याकडची जमीन केव्हाच विकली गेली होती. मागे खाडीच्या बाजूला आठ-दहा गुंठे राहिले होते. चिकूची चार झाडं, एक जांभूळ, एक विहीर, आणि विहिरीशेजारी पत्र्याची शेड. पूर्वी तिथे पाण्याचं इंजिन, कुदळी-फावडी, खताच्या गोण्या ठेवायचे. दिवाळीनंतर मी ती झाडून, शेणाने सारवून घेतली, खाट टाकली, आणि दादाला रिक्षातून आणलं. मी त्याच रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होते, त्यामुळे ड्युटीच्या आधी आणि नंतर त्याच्याकडे जाता येत होतं.

पहिला महिना चांगला गेला. अगदी खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटलं होतं की डॉक्टर चुकले. दादा काठी घेऊन विहिरीपर्यंत जायचा. त्याने दवावर येतील म्हणून थोडे वाल टोकले. दोन वाक्यं सलग बोलायला लागला. एकदा म्हणाला, "लूमचा आवाज कानातून गेला बघ आज." इतकी वर्षं तो आवाज त्याच्या कानात चालूच होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग पौष लागला. खाडीवरून धुकं यायचं आणि पत्रा बर्फासारखा व्हायचा. पहाटे आतल्या बाजूने पत्र्याला पाणी सुटायचं आणि ते खाटेवर ठिबकायचं. एके सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन पोहोचले, तर दादा खाटेवर गुडघे छातीशी घेऊन बसलेला. गोधडी ओली. दात वाजत होते आणि प्रत्येक वाजण्याबरोबर त्याला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं.

"कधीपासून बसलायस असा?"

"आडवं झालं की हीव भरतं," तो म्हणाला. "आणि हीव भरलं की दम लागतो."

त्याच दिवशी मी खोलीला कुलूप लावलं आणि त्याच्याजवळ राहायला आले.

शेडला वीज नव्हती. पूर्वी शेजारच्या शेतातून एक वायर यायची. ते शेत आमच्या चुलतभावाचं. त्याने ते गोडाऊनवाल्याला दिलं, तेव्हा वायर निघाली आणि मध्ये उंच भिंत उभी राहिली. विजेचा खांब भिंतीच्या पलीकडे राहिला. मी अर्ज केला. वायरमन आला, भला माणूस होता, त्याने चालत जाऊन सगळं पाहिलं. म्हणाला, "ताई, खांब वीस पावलांवर आहे. पण मधली जागा त्यांची. त्यांनी सही दिली तर आठ दिवसांत जोडून देतो. नाहीतर तिकडून खाडीच्या बाजूने नवे खांब टाकावे लागतील, ते कधी होईल सांगता येत नाही."

मी भिंतीपलीकडच्या गोडाऊनच्या मॅनेजरकडे गेले. तो उद्धट बोलला नाही. चहा विचारला. "दीदी, मैं तो नौकर आदमी हूँ. सेठ से पूछना पड़ेगा. सेठ दुबई में है." मी चार वेळा गेले. चारही वेळा सेठ दुबईतच होता. चुलतभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, आता माझं तिथं काय चालतंय? तू त्याला तुझ्या खोलीवर का नाही ठेवत?" त्या भिंतीवर मोठे दिवे होते. अंधार पडला की आमच्या वाडीत चिकूच्या पानापानावर उजेड पडायचा. दादाला वाचता आलं असतं, इतका. ऊब मात्र नव्हती त्यात.

आमच्या गोडाऊनमध्ये त्या दिवसांत खोली गरम करायचे हीटर पॅक होत होते. दिल्लीला, चंदिगडला, लखनौला. दिवसभर मी त्यांच्यावर चिकटपट्टी मारायची. मग सोलरवाल्याकडे गेले. त्याने सरळ सांगितलं, "इसपे हीटर नहीं चलेगा दीदी. बल्ब चलेगा, पंखा चलेगा, मोबाइल चार्ज होगा." आम्हाला पंखा नको होता.

तेव्हा मी विटा तापवायला लागले. शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला तीन दगडांची चूल मांडली. संध्याकाळी त्यात विटा घालायच्या, चांगल्या तापल्या की चिमट्याने काढून गोणपाटात गुंडाळायच्या आणि दादाच्या पायाशी, पाठीशी ठेवायच्या. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पोटावर द्यायची. दादाला ते फार आवडायचं. पाय विटेला लावून तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आता राजा हाय मी." पण वीट दोन-अडीच तासांत निवते. पत्र्याची शेड, ऊब धरून ठेवायला तिच्यात काहीच नाही. मी उठून पुन्हा चूल पेटवायची, सकाळी सात वाजता ड्युटीवर उभ्या-उभ्या पेंगायची.

मला वाटलं, भिंतींना आतून काहीतरी जाड लावलं तर ऊब टिकेल. भिवंडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ऊबदार काय मिळतं, तर कारखान्यातलं वाया गेलेलं सूत आणि चिंध्या. एका रविवारी मी रिक्षाभर गोण्या आणल्या. पत्र्याला लागून चारही बाजूंनी गोण्या रचल्या, वर साड्या ताणून बांधल्या. शेड लहान झाली, पण आत गेलं की कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी दादाला हात धरून आत आणलं आणि म्हटलं, "बघ!"

तो उभा राहिला. त्याने नाकाने हवा घेतली. मग खाटेवर बसला. तासाभरात खोकला सुरू झाला. आधी थोडा, मग असा की त्याला पाठीतून वाकवून धरावं लागलं. साड्यांतून बारीक धूळ गळत होती. मला दिसत नव्हती, त्याच्या छातीला कळत होती.

खोकला जरा थांबला तेव्हा तो म्हणाला, "वासावरूनच वळखलं मी. तुला वाईट वाटंल म्हणून गप ऱ्हायलो."

अंधार पडायच्या आत मी सगळ्या गोण्या बाहेर ओढल्या. ओढताना रडत होते. त्याने पाहिलं असेल, पण तो तोंड फिरवून पडून राहिला.

त्यानंतर आठवड्याने थंडी वाढली. दादा म्हणाला, "कोळशाची शेगडी आण. कोळशाला धूर नसतो."

मी नाही म्हटलं. बंद खोलीत शेगडी ठेवू नये हे मला माहीत होतं. आमच्याच गल्लीत एका घरात तशी शेगडी ठेवून माणसं झोपेतच गेली होती. पण तो रोज म्हणायचा. हट्टाने नाही, हळू आवाजात, भुकेलं माणूस मागतं तसं. आणि मी दमले होते. रात्री चार वेळा उठूनही मी ड्युटीला गेल्यावर विटा निवून जायच्या. शेवटी मी शेगडी आणली. बाहेर कोळसे पूर्ण लाल होऊ दिले, धूर गेला याची खात्री केली, आणि पहाटे सहाला ड्युटीवर जाण्याआधी आत, दाराजवळ ठेवली. दाराला दगड लावला, ते उघडंच राहावं म्हणून. खिडकीचा पत्रा वर केला.

"दार लावायचं न्हाय," मी त्याच्याच बोलीत बजावलं. "कितीही थंडी वाजली तरी."

"न्हाय लावत."

असं चार दिवस चाललं. त्या चार दिवसांत त्याच्या गालावर थोडा रंग आला होता. पाचव्या दिवशी साडेआठला गोडाऊनच्या गेटवर माझ्या नावाने निरोप आला. खाडीकडे गवत कापायला जाणाऱ्या एका बाईला शेडचं दार बंद दिसलं आणि आतून कण्हण्याचा आवाज आला, म्हणून तिने ढकललं. दादा खाटेखाली पडला होता. उलटी झालेली. तिने एकटीने त्याला ओढून चिकूखाली आणलं होतं.

इस्पितळात प्राणवायू लावला. तरुण डॉक्टरीण होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "शेगडी कुणी ठेवली?"

"मी," म्हटलं.

ती मान खाली घालून कागदावर लिहायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दादा वाचला. सहाव्या दिवशी घरी सोडलं. घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न होताच. माझ्या खोलीत धूळ, वाडीवर थंडी. तो म्हणाला वाडी, म्हणून वाडी. पण त्याचे हात आता कापायचे, आणि मध्येच एखादा शब्द सापडायचा नाही. विहिरीपर्यंतही जाणं झालं नाही त्याच्याने. वाल फुलावर आले होते, ते मीच जाऊन त्याला सांगायचे.

एका दुपारी मी सुट्टी घेतली होती. त्याला उन्हात, खाटेवर बसवलं होतं आणि त्याच्या पायांना तेल लावत होते. तेव्हा मी विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

"दादा, दगड कुणी काढला?"

"मी."

"का?"

"ऊब जात व्हती बाहेर."

"काय होतं ते तुला माहीत नव्हतं का?"

तो श्वास गोळा करत होता की शब्द, कळलं नाही.

"म्हायीत व्हतं," तो म्हणाला. "मेलो तरी चालंल, असं न्हाय वाटलं. तसं समजू नको. फकस्त वाटलं, एकदा तरी पुरतं गरम व्हावं. हाडापर्यंत."

मी तेल लावत राहिले. त्याच्यावर ओरडावं, त्याची माफी मागावी, यातलं काहीच माझ्याच्याने झालं नाही.

"झालं का मग?" मी शेवटी विचारलं.

"झालं. थोडा वेळ." आणि तो किंचित हसला.

पौष संपला, माघ निम्मा झाला. थंडी कमी होत होती. मी दिवस मोजत होते, आता थोडेच राहिले म्हणून. विटा पुन्हा सुरू केल्या होत्या. पण त्याच्या अंगात ऊब धरण्याची ताकद उरली नव्हती. उन्हात बसवलं तरी पाय गार, विटेला लावले तरी वरची कातडी तेवढी तापायची. एका सकाळी मी त्याला चहा पाजत होते. दोन घोट घेतले, तिसरा ओठांच्या कडेने खाली आला. मी पदराने पुसला आणि पुन्हा कप लावला. बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं. तो गेलाय हे मला कळायला थोडा वेळ लागला.

तेराव्याला चुलतभाऊ आला. बराच वेळ डोळे पुसत बसला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग निघताना म्हणाला, "आता एवढ्याशा तुकड्याचं तू काय करणार? सेठ आलेत. ते चांगला विचार करतील."

म्हणजे सेठ आला होता.

मी त्याला भेटले. साधा, वयस्कर माणूस. दादाबद्दल ऐकून तो हळहळला. मी सहीचं विचारलं, अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचला होता का म्हणून. त्याला काहीच माहीत नव्हतं. "बोलना था ना बहनजी," तो म्हणाला, "तार लेने में क्या जाता है मेरा?"

मी विक्रीच्या कागदावर सही केली. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण उरलं नव्हतं. चैत्रात शेड पाडली, चिकू तोडले, विहीर भरली. मी त्या बाजूला जात नव्हते, पण बदली होऊन आता माझी ड्युटी सेठच्याच गोडाऊनच्या, वाडीवर बांधलेल्या नव्या भागात लागली आहे. कुठल्या रॅकखाली विहीर होती ते मला सांगता येत नाही. आत मोठे पंखे आहेत, बारा महिने चालू असतात. बायका म्हणतात, एवढ्या पंख्यांखाली, थंडीत पण तू घामेजलेली असतेस. मी काही सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, एक माणूस होता आणि मला त्याला गरम ठेवता आलं नाही.