आठ सिनेमे आणि एक पाठमोरा माणूस

लायब्ररीत त्यांना सगळे 'डोळे' म्हणत. "डोळे आले का?" असं कोणी दारातून विचारलं की आतून कोणीतरी हमखास ओरडायचं, "औषध घाला, जातील!" हा विनोद अकरा वर्षं रोज सकाळी दहाच्या सुमारास व्हायचा, आणि डोळे अकरा वर्षं रोज त्याला हसायचे. न हसून करणार काय?

लायब्ररी अंध लोकांची होती. तिथे पुस्तकं बोलायची आणि अलीकडे सिनेमेसुद्धा सांगितले जायचे. पात्रं गप्प असतात तेव्हा पडद्यावर काय चाललंय, ते सांगायला एक आवाज लागतो. 'ती दार उघडते. टेबलावर पत्र आहे.' तो आवाज यांचा. दोन संवादांच्या मधली फट शोधायची, तिच्यात मावतील एवढेच शब्द लिहायचे आणि मग छोट्या खोलीचं दार लावून मायक्रोफोनपुढे वाचायचे.

नियम एकच होता. दिसतं तेवढंच सांगायचं. 'तो दुःखी आहे' म्हणायचं नाही, 'त्याची मान खाली आहे' म्हणायचं. दुःखी आहे की चप्पल शोधतोय, ते ऐकणारा ठरवेल. हा नियम तपासणीच्या बाईंनी घालून दिला होता. बाई जन्मापासून अंध, आवाज खणखणीत आणि कान असे की रेकॉर्डिंगमधल्या खुर्चीची कुरकुर ऐकून ती कुठल्या खोलीतली खुर्ची ते सांगायच्या. प्रत्येक सिनेमा आधी त्यांच्या कानाखालून जायचा आणि मगच सभासदांना मिळायचा.

डोळे बावन्न वर्षांचे. दोन खोल्यांत एकटे राहायचे. घरात खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे कायमचे मुक्कामाला. रविवारी ताईचा फोन यायचा आणि ताई एका श्वासात सगळं उरकायची. "जेवलास? काय जेवलास? परत तेच? अरे, माझ्या जावेच्या मावसबहिणीचं परवा निघालं होतं, पंचेचाळिशीची आहे पण नोकरीवाली आहे, स्वभावाने अगदी गाय. बघतोस का? नाही ना? बरं बाबा, मी आपली तोंडाची वाफ दवडते. सर्दी झालीये का तुला? मग आवाज असा का येतोय?" डोळे तीनदा 'हो' म्हणायचे, एकदा 'नाही' म्हणायचे आणि फोन ठेवायचे. का नाही, ते ताईने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याची तयारी त्यांनी तिशीत केली होती. पुढे ते ती तयारीही विसरून गेले.

त्या वर्षी कुठल्याशा परदेशी संस्थेने लायब्ररीला आठ सिनेमे भेट दिले. आठ देशांचे, आठ तऱ्हांचे, आपल्या भाषेत आवाज दिलेले. चिटणीसांनी यादी वाचायला घेतली आणि तीनदा घसा खाकरला. "हे सगळे... म्हणजे कसं आहे... सामाजिक विषयावरचे आहेत. पुरुष आणि पुरुष. बाई आणि बाई. असं."

"मग प्रेमाचे आहेत म्हणा की," बाई म्हणाल्या. "घसा कशाला खरवडताय? डोळे, घ्या हो कामाला."

डोळ्यांनी मान डोलावली, आणि बाईंना ते दिसणार नाही हे आठवून घाईघाईने "हो" म्हणाले.

असले सिनेमे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. थिएटरात तिकीट मागायची छाती नव्हती, घरी बघावं तर ताई अचानक टपकली तर? इथे तर ते बघण्याचा पगार होता. बघायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. एकच नजर सहा वेळा का बघितलीत, असं विचारणारं कोणी नव्हतं. कामच तसं होतं.

पहिला लढाईचा, एका कांबळ्यात दोन शिपाई. दुसरा मुष्टियोद्ध्याचा, तिसरा भुताचा, चौथा खुनाच्या तपासाचा, पाचवा कार्टूनसारखा, चित्रांचा आणि त्यात दोन कोल्हे. पाचवा ऐकून बाई हेडफोन काढून टेबलावर ठेवत म्हणाल्या, "पहिल्यात गोळी, दुसऱ्यात ताप, तिसऱ्यातला आधीच मेलेला, चौथ्यात खून, आणि आता कोल्हाही गेला! अहो, या लोकांना एकदा तरी म्हातारं होऊ द्या की!"

डोळे हसले. मग घरी जाऊन कपड्यांच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसून राहिले. त्या पाच सिनेमांत त्यांनी पाच वेळा कोणाला तरी एकटं मागे राहताना पाहिलं होतं, आणि ते शांत आवाजात, फटीत मावेल इतक्या शब्दांत, सांगितलंही होतं.

सहावा सिनेमा फेरीबोटीचा. बोटीवर दोर टाकणारा एक, धक्क्यावर तिकिटं फाडणारा दुसरा. बोट धक्क्याला लागते ती वीस मिनिटं, तेवढाच त्यांचा संसार. शेवटी दोरवाल्याला दूरच्या बंदरात काम मिळतं. तो त्याच बोटीतून निघतो. तिकीटवाला धक्क्यावर उभा. संवाद नाही, संगीत नाही, फक्त इंजिन आणि पाणी. पंधरा सेकंदांची फट, म्हणजे या धंद्यात चैन! डोळ्यांनी कागदावर लिहिलं: 'दोरवाला पाठमोरा उभा आहे. बोट लांब जाते. तो वळत नाही.'

वाचायला बसले. पहिली दोन वाक्यं नीट गेली. मग तोंडातून आलं, "तो वळतो. हात वर करतो."

रेकॉर्डिंग थांबवून त्यांनी ते ऐकलं. चांगलं वाटत होतं. उद्या पुसू म्हणाले. दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी मीटिंगमध्ये अडकवलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी ऐकून 'पास' म्हटलं, आणि सिनेमा सभासदांकडे रवाना झाला.

आठवड्याने फोन आला.

"हॅलो, नमस्कार, सिनेमाचं वर्णन करणारे साहेब का? एक मिनिट लाइनवर राहा हं," पलीकडून आवाज आला, आणि फोन करणारा स्वतःच हसला. "सवय हो! चौतीस वर्षं ऑपरेटर होतो, टेलिफोन बोर्डावर. मी सभासद आहे तुमचा. दृष्टी नाही, पण एकदा ऐकलेला नंबर पाठ राहतो. तो बोटीचा सिनेमा मी चार वेळा ऐकला. एक विचारू?"

"विचारा ना."

"कुठला हात?"

"अं?"

"शेवटी तो वळतो आणि हात वर करतो ना. उजवा की डावा? आणि पुरा वर, की असा खांद्यापर्यंत?"

डोळ्यांनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. "बघून... बघून सांगतो," ते म्हणाले.

"सवडीने सांगा. मला आपलं चित्र पुरं करायचंय." ऑपरेटरांनी आवाज खाली आणला. "आमच्या ऑफिसात एक कारकून होता. नऊ वर्षं दुपारी आम्ही एकत्र जेवलो. मग त्याची बदली झाली. मी व्हरांड्याच्या दारात उभा. त्याची पावलं गेली, गेली, आणि मध्येच थांबली. चारेक सेकंद. मग पुन्हा चालू लागली. आता तो थांबला तेव्हा वळला होता की बुटाची नाडी बांधत होता? अहो, विचारणार कोणाला? 'शिपाईदादा, तो माझ्याकडे बघत होता का हो?' असं विचारता येतं का? सव्वीस वर्षं झाली. तुमचं ते वाक्य ऐकलं आणि म्हटलं, वळतात. लोक वळतात, आपल्याला दिसत नाही एवढंच."

डोळ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"हॅलो? आहात ना लाइनवर? तर शनिवारी तुम्ही हॉलमध्ये तो सिनेमा दाखवताय म्हणे. भाचीला घेऊन येतो. ती बघेल, मी ऐकेन. हाताचं तिलाच विचारीन, तुम्हाला त्रास नको."

फोन ठेवल्यावर डोळ्यांनी तो शेवट पुन्हा लावला. एकदा, दोनदा, दहादा. इतक्यांदा बघितलं तर एकदा तरी वळेल, अशी वेडी आशा. दोरवाला पाठमोरा तो पाठमोराच.

शनिवारी भाची म्हणणार होती, 'छे, तो कुठे वळला?' आणि भर हॉलमध्ये, शंभर माणसांत, त्या माणसाचे सव्वीस वर्षांनी मिळालेले चार सेकंद कोणीतरी सहज काढून घेणार होतं.

ते उठून बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"त्या वाक्याला तुमचा आवाज हलला होता," शेवटी बाई म्हणाल्या. "मला वाटलं सर्दी. अहो, आम्ही तुमच्या तोंडाकडे कान लावून बसतो. तुम्ही उद्या म्हणालात समोर खड्डा नाही, तर आम्ही पाय टाकू! कळतंय का?"

"कळतंय."

"आज नव्याने रेकॉर्ड करा. जुन्या प्रती परत मागवते. आणि त्या सभासदांना तुम्ही सांगायचं. फोनवर नाही, घरी जाऊन." डोळे दारापर्यंत गेले तेव्हा बाईंनी हाक मारली. "डोळे, एवढं काय झालं होतं हो?"

"एकटा मागे राहणारा हा सहावा होता, बाई," ते म्हणाले.

बाई हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी डोळे ऑपरेटरांच्या दारात उभे राहिले. तळमजल्यावरची एक खोली. पलंग, रेडिओ, भिंतीला टेकवलेली पांढरी काठी. एकच खुर्ची. ऑपरेटरांनी ती पाहुण्याला दिली आणि स्वतः पलंगावर बसले. बुटके, गोल चेहऱ्याचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"हाताचं सांगायला एवढे स्वतः आलात? कमाल झाली!"

"हात नाहीये," डोळे म्हणाले. "तो हात वर करत नाही. वळतच नाही. ते मी मनाचं घातलं. चूक झाली माझी."

रेडिओ हळू आवाजात चालू होता. ऑपरेटरांनी हात लांब करून तो बंद केला.

"मनाचं का?"

"मला तो वळायला हवा होता."

"तुम्हाला? तुम्हाला कोण सोडून गेलं?"

"कोणी नाही," डोळे म्हणाले. "सोडून जायला आधी कोणी यावं लागतं. तुमच्याकडे निदान पावलं होती."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला ऐकवलं नव्हतं. ऐकवलं आणि त्यांचे कान तापले. ऑपरेटरांचा चेहरा मात्र रागाने ताठ झाला होता.

"म्हणजे तुमच्या एकटेपणावर तुम्ही माझ्या कानात फुंकर मारलीत. वा! मी चार दिवस नीट झोपलो त्याच्यावर. सकाळी दाढी करताना शीळ घातली हो, या वयात!"

"मी जातो."

"बसा! एवढ्यात कुठे निघालात? जे आहे ते सांगा आता. पंधरा सेकंद, खरे."

डोळ्यांकडे कागद नव्हता. लागणारही नव्हता. "बोट सुटते," ते म्हणाले. "दोरवाला पाठमोरा उभा आहे. दोन्ही हात कठड्यावर. वाऱ्याने शर्ट फुगलाय. बोट लांब जाते. तो लहान होत जातो. वळत नाही."

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. ऑपरेटर मान तिरकी करून, बोर्डावर दूरची लाइन ऐकावी तसे ऐकत होते.

"कठडा घट्ट धरलाय का त्याने?" त्यांनी विचारलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. डोळ्यांनी ते गिळलं. "ते दिसत नाही. लांबून घेतलंय."

"हं." ऑपरेटरांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "म्हणजे दिसणाऱ्यांनाही कळत नाही तर. मला इतकी वर्षं वाटायचं, डोळे असते तर प्रश्नच मिटला असता."  बाहेर कोणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं आणि निघून गेलं. ऑपरेटरांनी ती पावलं संपेपर्यंत ऐकली. "उद्या मी येत नाही हॉलमध्ये. भाचीला सांगेन, गुडघा दुखतोय. माझं बघून झालं."

डोळे उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"राग गेलेला नाही माझा," ऑपरेटर म्हणाले.

"नसेलच."

"सातवा कुठला आहे?"

डोळ्यांना आधी समजलं नाही. मग ते म्हणाले, "विनोदी आहे. दोन म्हाताऱ्या एक बस पळवतात."

"कोण मरतं?"

"बस."

ऑपरेटरांच्या नाकातून फस्सकन हवा सुटली. हसू होतं की नाही, ते डोळ्यांना ठरवता आलं नाही. "वेळ आहे का तुम्हाला? की घरी कोणी वाट बघतंय?"

"कोणी नाही."

"मग सांगा. पहिल्यापासून. आणि एक शब्द मनाचा नको."

डोळे पुन्हा खुर्चीत बसले. खोलीत आता अंधारायला आलं होतं, पण दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

"सकाळ," त्यांनी सुरुवात केली. "एक लांब रस्ता. रस्ता मोकळा आहे."

"खरंच मोकळा आहे?"

"खरंच मोकळा आहे."